पूर्व आफ्रिकेतली छोटी शेती आणि वर्षभराचं धान्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केनिया, टांझानिया, युगांडाकडच्या शेतीबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते एकतर दुष्काळाच्या बातम्यांतून, नाहीतर ‘आफ्रिकेत स्वस्तात जमीन’ छापाच्या जाहिरातींतून. इथे दोन्ही नाही. शेतीशी थोडाफार संबंध असलेला माणूस जे प्रश्न हमखास विचारतो तेवढे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे सांगण्यासारखंच जास्त होतं.

पूर्व आफ्रिका म्हणजे नेमके कोणते देश? आणि छोटा शेतकरी म्हणजे केवढा छोटा?

केनिया, टांझानिया, युगांडा, रवांडा, बुरुंडी आणि इथिओपिया एवढे धरून चालू. मलावी आणि मोझांबिक नकाशावर थोडे खाली येतात, पण तुरीची गोष्ट त्यांच्याशिवाय पुरी होत नाही, म्हणून तेही डोकावतील. हा सगळा मुलूख एकसारखा समजणं म्हणजे कोकण आणि माणदेश एकच समजणं. इथिओपियात बैलाच्या नांगराची परंपरा हजारो वर्षांची आहे. केनिया-टांझानियात बऱ्याच घरांत आजही ‘जेम्बे’, म्हणजे लांब दांड्याची कुदळ, हेच मुख्य अवजार.

पश्चिम केनियात एका घराकडे एक-दोन एकरांचा ‘शांबा’ असतो, रवांडात बहुधा त्याहूनही कमी. वाटण्या होऊन होऊन तुकडे पडलेत, ते आपल्यासारखंच. पाणी वरच्या पावसाचं. दारात एखादी गाय, दोन-चार शेळ्या, कोंबड्या. पिकतं त्यातलं काही घरात, काही बाजारात.

तिकडे वर्षातून दोनदा पाऊस पडतो म्हणतात. मग धान्य का पुरत नाही?

विषुववृत्ताच्या आसपास दोन पावसाळे असतात हे खरं. टांझानियात मार्च ते मेच्या मोठ्या पावसाला ‘मासिका’ म्हणतात, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या छोट्या पावसाला ‘वुली’. पण दोन पावसाळे म्हणजे दोन हमखास पिकं नव्हेत. २०२० च्या अखेरीपासून २०२२ च्या अखेरीपर्यंत सोमालिया, दक्षिण इथिओपिया आणि केनियाच्या उत्तर-पूर्व भागात सलग पाच हंगाम पावसाने दगा दिला.

तो झाला दुष्काळ. मात्र जिथे पाऊस बरा होतो तिथेही कणगी वर्षभर पुरत नाही, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हे. पश्चिम केनियातलं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. ऑगस्ट-सप्टेंबरात मका निघतो. सगळ्या पंचक्रोशीचा तेव्हाच निघतो, म्हणून भाव पडलेला. त्यात आधीची उधारी भागवायची. जानेवारीत शाळा सुरू होतात, फीसाठी आणखी पोती जातात. मार्चमध्ये पेरणी. मे महिना लागेपर्यंत घरातला मका संपतो आणि आपणच विकलेला मका बाजारातून ‘गोरोगोरो’ने परत आणायची वेळ येते. गोरोगोरो म्हणजे वनस्पती तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा, त्यात दोनेक किलो मका बसतो. भाव अर्थातच चढलेला. नेमकी तेव्हाच स्वतःच्या रानात खुरपणी आलेली असते, पण आजच्या पिठासाठी पैसे हवेत, म्हणून दुसऱ्याच्या रानात रोजाने जावं लागतं. आपली खुरपणी लांबते, तण माजतं, पुढचं पीक हलकं येतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

हे चक्र ध्यानात आलं की तिथला शेतकरी कुठलंही नवं तंत्र ऐकताना मनात काय हिशेब करतो ते कळतं. मातीचं भलं दहा वर्षांनी होईल, ठीक आहे. याच हंगामात हाती काय पडेल?

मग सगळीकडे मकाच का?

मका मूळचा अमेरिकेतला, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला. ताटात त्याची सत्ता आली ती विसाव्या शतकात, इंग्रजी वसाहतीत. मळ्यांवरच्या मजुरांना शिधा मक्याच्या पिठाचा. दळायला सोपा, आणि कणसाला पानांचं वेष्टण असल्याने पाखरांपासून बऱ्यापैकी वाचतो. आता उगाली, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, पोटात गेला नाही तर माणसाला जेवल्यासारखं वाटत नाही.

नाचणी आणि ज्वारी मागे पडली याचं कारण ‘लोक जुनं विसरले’ असं सांगण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. ज्वारीचे दाणे भरू लागले की क्वेलिया पाखरांचे प्रचंड थवे उतरतात. दिवसभर कोणीतरी राखण करायला हवं. ते काम पोरांचं होतं. केनियात २००३ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झालं, पोरं शाळेत गेली. झालं ते उत्तमच, पण माळ्यावर गोफण घेऊन बसायला कोणी उरलं नाही. सोलापूर-नगरकडच्या ज्वारीवाल्यांना हे फोडून सांगायला नको. नाचणीचं दुखणं वेगळं. फोकून पेरलेल्या नाचणीत तिच्यासारखंच दिसणारं रानटी गवत उगवतं, कणसं येईपर्यंत ओळखू येत नाही, आणि खुरपणीत बायकांचे दिवसच्या दिवस जातात. माणूसबळ नसलेलं घर मक्याकडे वळलं, यात अडाणीपणा कुठला?

तोटा एकच, पण मोठा. तुरा येण्याच्या सुमारास पावसाने ताण दिला की मका बसतो. ज्वारी तेवढ्यात मान टाकत नाही.

नाचणी-ज्वारी मूळची तिकडचीच का?

हो. नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ भागातली, ज्वारी सुदानच्या बाजूची, चवळी आफ्रिकेचीच, आणि बाजरी पश्चिमेच्या साहेल पट्ट्यातली. भाकरीचं माहेर समुद्रापलीकडे आहे. तूर मात्र आपल्याकडून तिकडे गेली. तिचं पुढे येईल.

‘पुश-पुल’ पद्धतीचं फार नाव ऐकतो. ती काय आहे?

पूर्व आफ्रिकेतून जगाला मिळालेल्या शेतीतंत्रांत मला हे सगळ्यात देखणं वाटतं, म्हणून जरा सविस्तर.

मक्याचे दोन वैरी. पहिला खोडकिडा. त्यातली एक जात आशियातून, आपल्याच बाजूने, १९३० च्या दशकात आफ्रिकेत पोचली. आपल्या ज्वारीत पोंगा मर करते तीच. दुसरा वैरी म्हणजे स्ट्रायगा, ज्याला आपल्याकडे टारफुला म्हणतात. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या लुओ भाषेत त्याला ‘कायोंगो’ म्हणतात. दिसायला गोड, जांभळ्या फुलांचं नाजूक झाड. पण त्याची मुळं मक्याच्या मुळांना चिकटून रस ओढतात आणि पाणी असूनही मका सुकल्यासारखा उभा राहतो. एका झाडाला हजारोंनी बी येतं, धुळीसारखं बारीक, आणि ते मातीत दहा-दहा वर्षं जिवंत राहतं. उपटून संपत नाही.

नैरोबीत ‘इसिपे’ नावाची आंतरराष्ट्रीय कीटकसंशोधन संस्था आहे. थॉमस ओडियाम्बो या केनियन शास्त्रज्ञाने ती १९७० मध्ये उभी केली. तिच्या सरोवराकाठच्या म्बिटा केंद्रावर १९९० च्या दशकात भारतात जन्मलेले झियाउर खान आणि इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संस्थेचे जॉन पिकेट यांच्या गटांनी मिळून ही पद्धत बसवली.

रानात काय दिसतं ते सांगतो. मक्याच्या दोन ओळींमध्ये डेस्मोडियम नावाची पसरट, द्विदल वनस्पती. पानं हाताला किंचित चिकटतात, शेंगा कपड्यांना लागून घरापर्यंत येतात. तिच्या वासाने खोडकिड्याचा पतंग मक्यापासून दूर जातो. हा झाला ‘पुश’, म्हणजे हाकलणं. शेताच्या कडेने तीन ओळी नेपियर गवताच्या, आपल्या हत्ती गवताच्या. त्याचा वास पतंगाला मक्यापेक्षा जास्त आवडतो, म्हणून ती अंडी तिथे घालते, हा ‘पुल’. पण नेपियरचं खोड पोखरू लागलं की त्यातून चिकट द्रव पाझरतो आणि बहुतेक अळ्या त्यातच मरतात. फवारणी नाही.

टारफुल्याचं काय होतं हे कळायला शास्त्रज्ञांना वेळ लागला. डेस्मोडियमच्या मुळांतून जे द्रव्य सुटतं त्याने टारफुल्याचं बी फसतं आणि उगवतं, पण दुसरं द्रव्य त्याला मक्याच्या मुळाशी चिकटू देत नाही. रुजलेलं बी उपाशी मरतं. म्हणजे मातीतला बियांचा साठाच हंगामागून हंगाम कमी होत जातो. वर डेस्मोडियम द्विदल, त्यामुळे नत्र मिळतं, आणि जमीन झाकलेली राहिल्याने ओल टिकते.

एवढं चांगलं आहे तर सगळ्यांनी का केलं नाही?

डेस्मोडियमचं बी महाग आणि मिळायला अवघड. दाणा इतका बारीक की वाळूत मिसळून टाकावा लागतो. पहिल्या हंगामात रोप तणासारखंच दिसतं, त्यामुळे नवख्या मजुराने खुरपलं की गेलं. शिवाय ते वर्षानुवर्षं राहणारं पीक. खंडाने घेतलेल्या जमिनीत कोण लावणार? कापणीनंतर गुरं मोकळी सोडण्याची रीत जिथे आहे तिथे ते दुसऱ्याच्या शेळ्यांच्या पोटात जातं.

टिकलं कुठे? दारात गाय आहे तिथे. डेस्मोडियम आणि नेपियर दोन्ही चारा. टारफुला कमी व्हायला दोन-तीन हंगाम जातात, दूध त्याच वर्षी वाढतं. पुस्तकांत या पद्धतीचं नाव कीडनियंत्रण आहे. शेतकरी तिच्याकडे वैरण म्हणूनच पाहतो असा माझा समज आहे, आणि त्यात काही वाईट नाही.

गाय नसलेल्या घरांचं काय, यावर रवांडाने २००६ पासून एक योजना चालवली आहे, ‘गिरिंका’. गरीब घराला सरकार गाय देतं. तिला झालेली पहिली कालवड शेजारच्या गरजू घराला द्यायची. पाठोपाठ शेण येतं, आणि डोंगरउतारावरच्या तुकड्याला ते दुधाइतकंच लागतं.

लष्करी अळी तिकडूनच आपल्याकडे आली का?

अमेरिकेतली ही अळी २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत सापडली, २०१७ पर्यंत केनियात पसरली आणि २०१८ मध्ये कर्नाटकमार्गे आपल्या मक्यात दिसली. आफ्रिकेतूनच आली का, हे छातीठोकपणे सांगण्यात अर्थ नाही. पुश-पुलच्या रानात तिचा त्रास बराच कमी दिसला. एरवी तिथले शेतकरी पोंग्यात चिमूटभर राख किंवा माती टाकतात. एक-दोन एकराला ते जमतं.

डोंगरउतारावरची माती कशी धरतात?

केनियातल्या मचाकोसची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९३० च्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांनी या कांबा लोकांच्या मुलखाचं वर्णन जवळजवळ वाळवंट झाल्यासारखं केलं होतं. माणसं आणि गुरं जास्त झाली, म्हणून माती गेली, असं त्यांचं निदान. उपाय म्हणून १९३८ मध्ये गुरं जबरदस्तीने जप्त करून विकायला सुरुवात झाली. मुइंडी म्बिंगूच्या पुढारपणाखाली हजारो लोक चालत नैरोबीला जाऊन बसले, आणि सरकारला माघार घ्यावी लागली. पुढे सक्तीने बांध घालून घेतले गेले. सक्तीचं काम जसं व्हायचं तसंच झालं.

मग १९५० च्या दशकात आफ्रिकन शेतकऱ्यांना कॉफी लावायची परवानगी मिळाली. नैरोबीची भाजीबाजारपेठ वाढली, रस्ते झाले. उतारावर ओल धरली तर पैसा मिळतो हे दिसलं आणि लोकांनी आपणहून बांध घातले. ‘फान्या जू’ ही त्यांची आवडती पद्धत. स्वाहिलीत त्याचा अर्थ साधारण ‘वर टाक’. समतल रेषेवर चर खणायचा आणि माती उताराच्या वरच्या अंगाला टाकायची, त्याचा बांध होतो, बांधावर नेपियर लावायचं. काही वर्षांत वरून वाहून येणारी माती बांधाला अडून आपोआप पायऱ्या तयार होतात. खालच्या अंगाला माती टाकणं सोपं, वर फेकायला कंबर लागते. हे काम मुख्यतः बायकांच्या ‘म्वेथ्या’ गटांनी केलं: आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. आपल्याकडे याला इर्जिक म्हणायचे.

१९३० ते १९९० या काळात मचाकोसची लोकसंख्या सुमारे पाचपट झाली आणि धूप मात्र घटली. जास्त माणसं म्हणजे उजाड जमीन हे समीकरण तिथे उलटं फिरलं. सगळीकडे फिरेल असं मी म्हणत नाही. शेजारी नैरोबीसारखं गिऱ्हाईक प्रत्येकाच्या नशिबी नसतं.

वाळूचा बंधारा म्हणजे काय?

मचाकोस, मकुएनी, कितुई या भागांत नद्या पावसात चार दिवस धावतात, मग कोरड्या. खडक लागेल अशा ठिकाणी पात्रात आडवी भिंत घालतात. दोन-तीन पुरांत ती वाळूने भरून जाते. बांधकाम फुकट गेलं असं वाटेल, पण वाळूच्या कणांमधल्या जागेत तिच्या आकारमानाच्या २५ ते ४० टक्के पाणी राहतं, उन्हाने उडत नाही, डासही होत नाहीत. उन्हाळ्यात वाळूत झिरा खणायचा किंवा खाली पाइप ठेवलेला असेल तर तोटी सोडायची. आपल्या नद्यांतली वाळू ज्या वेगाने ट्रकात भरली जाते ते पाहता हे वाचताना थोडं ओशाळायला होतं. उपसा तिथेही चालतोच.

शेतात झाडं ठेवल्याने पिकाला सावली होत नाही का?

झाडावर अवलंबून. फेडर्बिया नावाची बाभळीच्या कुळातली एक जात आहे, तिचा कारभारच उलटा: पावसाळ्यात पानं गाळते आणि उन्हाळ्यात हिरवी होते. म्हणजे मका उभा असताना सावली नाही, वर पाल्याचं खत. उन्हाळ्यात शेंगा शेळ्यांना. इथिओपियापासून मलावीपर्यंत शेतकरी ही झाडं रानात राखतात.

टांझानियात दोदोमाच्या कोरड्या पट्ट्यात ‘किसिकी हाय’ म्हणून काम चालतं. अर्थ ‘जिवंत बुंधा’. तोडलेल्या झाडाच्या खोडक्याला दरवर्षी धुमारे फुटतात आणि दरवर्षी कुदळीखाली जातात. त्यातले दोन-तीन जोमदार निवडून बाकीचे छाटायचे, एवढंच. रोपवाटिका नको, पाणी घालणं नको, कारण मुळं आधीच खोल आहेत. केनियातल्या वांगारी माथाई यांच्या १९७७ च्या ‘ग्रीन बेल्ट’ चळवळीला मात्र रोपवाटिकाच लागल्या. गावच्या बायका त्या चालवायच्या आणि जगलेल्या रोपामागे थोडे पैसे मिळायचे. जगलेल्या, लावलेल्या नव्हे. माथाईंना २००४ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं ते सगळ्यांना आठवतं, हा बारकावा कमी जणांना.

किलिमांजारोच्या उतारावरचे चागा लोकांचे ‘किहांबा’ बाग गोव्याच्या कुळागरवाल्यांना ओळखीचे वाटतील. वर उंच झाडं, त्याखाली केळी, केळीखाली कॉफी, तळाशी अळकुड्या नि भाज्या, आणि मधून डोंगरावरून आणलेले पाण्याचे पाट. सुपारीच्या जागी कॉफी एवढाच फरक म्हणायचा.

टिकाऊ शेती म्हणजे रासायनिक खत बंद, असंच ना?

नाही, आणि या बाबतीत आपल्याकडचा अनुभव तिकडे लादण्यात चूक होते. आपल्याकडे अनेक जिल्ह्यांत युरिया गरजेपेक्षा जास्त पडतो. तिकडे उलटं आहे. २००६ मध्ये अबुजा इथे आफ्रिकी देशांनी हेक्टरी ५० किलो अन्नद्रव्यांचं उद्दिष्ट ठरवलं होतं. सहाराच्या दक्षिणेला सरासरी अजून त्याच्या बरीच खाली आहे. दशकानुदशकं पीक काढलं, परत काही घातलं नाही, अशी ती जमीन. ‘शेणखत घाला’ म्हणावं तर गुरं एक-दोन. ‘काडीकचरा मातीत पसरा’ म्हणावं तर तोच जनावरांचा चारा आणि चुलीचं जळण. अशा माणसाला थेंबभरही रसायन वापरू नको असं सांगणं म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणं.

चालतं ते मधलं काहीतरी. सोड्याच्या बाटलीच्या झाकणाने मोजून प्रत्येक खड्ड्यात थोडंसं खत, जोडीला शेणखत किंवा पश्चिम केनियात कुंपणाला उगवणारा टिथोनियाचा, त्या पिवळ्या रानसूर्यफुलाचा, पाला. काही भागांत वर्षानुवर्षं तेच ते डीएपी टाकून जमीन आंबट झाली आहे. तिथे आधी चुना हवा, नाहीतर खताचे पैसे वाया.

पिकलेलं धान्य साठवताना किती जातं? आणि अफ्लाटॉक्सिन म्हणजे काय?

किती जातं याचे आकडे गावागणिक बदलतात, म्हणून ते बाजूला ठेवू. काय होतं ते पाहू. नेहमीचे सोंडे-भुंगे आहेतच. त्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस मध्य अमेरिकेतून एक मोठा भुंगेरा टांझानियात आला, तो काही महिन्यांत कणसाचं पीठ करतो. पीठ होण्याआधी विकून टाकावं, या भीतीनेही लोक सुगीतच मका काढतात.

अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष. ओलसर मक्यावर, भुईमुगावर बुरशी धरते. उकळून, भाजून विष पुरतं जात नाही. २००४ मध्ये केनियाच्या मकुएनी-कितुई भागात ३१७ लोक आजारी पडले, त्यातले १२५ गेले. मका घरचा होता. पाऊस आणि चोरी या दोन्हींच्या धास्तीने ओला असतानाच घरात आणून ठेवलेला.

दाणा वाळला की नाही हे दातांखाली चावून कळतं, पण त्याहून बरी एक घरगुती परीक्षा आहे. काचेची कोरडी बाटली घ्यायची, तिसऱ्या हिश्श्यापर्यंत मका, त्यात दोन-तीन चमचे खडखडीत कोरडं मीठ. मिनिटभर हलवायची, मग पंधराएक मिनिटं ठेवायची. मीठ काचेला चिकटलं तर मका ओला, पुन्हा उन्हात घाला. तळाशी बसलं तर पोत्यात भरायला हरकत नाही. यंत्र नको, वीज नको. तेवढं मीठ आधी उन्हात ठेवा.

भरायचं ते हवाबंद पिशवीत. बाहेर साधं विणलेलं पोतं, आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, एकात एक. हवा दाबून काढायची, प्रत्येक तोंड वेगळं पिळून बांधायचं. आतले किडे उरलेला प्राणवायू संपवतात आणि स्वतःच गुदमरतात. औषध लागत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने १९८० च्या दशकात कॅमेरूनच्या चवळीसाठी ही युक्ती काढली, तिथून ती इकडे आली. पिशवी साध्या पोत्यापेक्षा बरीच महाग पडते, उंदराने एक भोक पाडलं की बाद. पण मका मेपर्यंत थांबला तर भावातल्या फरकात पैसे निघतात. पूर्व आफ्रिकेत धान्यसुरक्षेसाठी एकच वस्तू निवड म्हणालात तर मी बियाण्याआधी हिला हात घालीन.

घरचं बी ठेवायला तिथे कायद्याने बंदी आहे हे खरं का?

केनियात होती, ठेवण्यापेक्षा देवाणघेवाणीवर. २०१२ मध्ये बियाणे कायद्यात झालेल्या बदलांनी नोंदणी नसलेलं बी विकणं-वाटणं गुन्हा ठरलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा लाख शिलिंगपर्यंत दंड. शेजारणीला ओंजळभर वाल दिला तरी गुन्हा! २०२२ मध्ये १५ शेतकरी न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. भारतात २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बी ठेवण्याचा, देण्याचा, आणि ब्रँडशिवाय विकण्याचाही हक्क आहे. अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांची बीजबँक उभी राहू शकली ती या कायद्याच्या छायेत.

पोट भरतं, पण पोषणाचं काय?

रोजची उगाली आणि सोबत ‘सुकुमा विकी’, म्हणजे कोबीच्या कुळातली एक हिरवी पालेभाजी. नावाचा अर्थ ‘आठवडा ढकल’; पगार पुरत नाही तेव्हा हीच. त्याआधीच्या भाज्या मधल्या काळात गरिबाच्या म्हणून हिणवल्या गेल्या. यादी वाचा: ‘तेरेरे’ म्हणजे माठ-राजगिऱ्याची पानं, ‘मानागू’ म्हणजे कामोणी, ‘चिन्सागा’ म्हणजे तिळवण, ‘कुंदे’ म्हणजे चवळीचा पाला. आपण यांतल्या निम्म्या बांधावरून उपटून फेकतो. प्राध्यापक मेरी अबुकुत्सा-ओन्यांगो यांनी या भाज्यांच्या बियाण्यावर आणि पोषणावर अनेक वर्षं काम केलं; आज नैरोबीच्या मोठ्या दुकानांतही जुड्या मिळतात.

दुसरी गोष्ट नारिंगी रताळ्याची. तिथलं नेहमीचं रताळं पांढरं, त्यात अ जीवनसत्त्व जवळपास नाही. नारिंगी जातीचं १२५ ग्रॅमचं एक रताळं लहान मुलाची दिवसाची गरज भागवतं. या कामासाठी २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार ज्या चौघांना मिळाला त्यांत युगांडाचे रॉबर्ट म्वांगा होते. अडचण अशी की रताळं वेलाच्या तुकड्यांवर लावतात आणि कोरड्या दिवसांत वेल मरतात. त्यावर उपाय निघाला: छोटी रताळी टोपल्यात कोरड्या वाळूत पुरून घरात ठेवायची, पावसाच्या दोनेक महिने आधी परसात लावून पाणी घालायचं, पाऊस येईतो वेल तयार.

शेतीत बायकांचं स्थान काय?

कुदळ त्यांच्या हातात, उतारा नवऱ्याच्या नावावर. सातबाऱ्यावर तिथेही पुरुषच. गावोगाव बायकांच्या ‘चामा’ असतात: दर आठवड्याला सगळ्यांनी थोडे पैसे टाकायचे, पाळीपाळीने एकीने उचलायचे. आपली भिशी. हवाबंद पिशव्या, डेस्मोडियमचं बी, कोंबडीची पिल्लं, असं बरंच काही या भिशीतून येतं.

आपल्या तूरडाळीशी याचा खरंच संबंध आहे?

आहे, आणि तो फारसा अभिमानाचा नाही.

तुरीला स्वाहिलीत ‘म्बाझी’ म्हणतात. किनाऱ्याला ती नारळाच्या दुधात शिजवून न्याहारीला खातात. मक्यात आंतरपीक म्हणून ती अप्रतिम: सुरुवातीला हळू वाढते, मका काढला की मोकळी पसरते, खोल मुळांनी पाणी ओढते, पाला गाळून जमीन सुधारते, शेवटी तुराट्या जळणाला. टिकाऊ शेतीच्या सगळ्या परीक्षांत पास. टांझानिया, मलावी, मोझांबिकमध्ये मात्र बरीचशी तूर पिकते ती भारताला विकायला. दुसरं मोठं गिऱ्हाईक नाही.

२०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या आसपास गेली. जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी डाळींच्या खरेदीचा करार केला. तूर लावा, आम्ही घेऊ, हा निरोप सगळीकडे पोचला आणि लोकांनी तूर वाढवली. त्याच वर्षी आपल्याकडेही विक्रमी पीक आलं. महाराष्ट्रात २०१७ च्या सुरुवातीला खरेदी केंद्रांबाहेर तुरीच्या पोत्यांच्या रांगा लागल्या होत्या, त्या इथल्या वाचकांनी पाहिल्यात. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. आपल्या शेतकऱ्यासाठी ते समजण्यासारखं होतं. पण तिकडे भाव कोसळले आणि उभी तूर काढायला परवडेना. तिकडे तूर लावणाऱ्या बाईने सगळं बरोबर केलं होतं: आंतरपीक, द्विदल, पाला, सगळं.

२०२१ पासून आयात पुन्हा मोकळी झाली आहे, मलावीशीही करार झाला. इथला भाव पडला की ओरड होते, चढला की जहाजं निघतात. एका बाजूला लातूरचा शेतकरी, दुसऱ्या बाजूला टांझानियातल्या बाबातीचा. दोघांचीही तक्रार खरी.

शेवटचं, जरा अवांतर: तिकडे बाजारात ‘देबे’ आणि ‘गुनिया’ असे शब्द ऐकले. मराठी वाटतात. योगायोग का?

योगायोग नाही. ‘देबे’ म्हणजे डबा, ‘गुनिया’ म्हणजे गोणी. हिंदी महासागराच्या व्यापारात हे शब्द आपल्या बाजूच्या भाषांतून स्वाहिलीत गेले. देबे वीस लिटरचा पत्र्याचा डबा, मक्याने भरला की साधारण अठरा किलो. गुनियाची मात्र एक खोड आहे. व्यापारी पोतं भरल्यावर त्याच्या तोंडाला जाळी किंवा दुसऱ्या पोत्याचा तुकडा शिवून वर आणखी माल रचतो आणि पैसे एकाच पोत्याचे देतो. टांझानियात याला ‘लुंबेसा’ म्हणतात. केनियात बटाट्याच्या अशा पोत्याला ‘मुकोरिनो’ म्हणतात, पागोटं बांधणाऱ्या एका पंथावरून, कारण पोतं तसंच दिसतं. २०१९ च्या नियमांनी बटाट्याचं पोतं ५० किलोपुरतं बांधून दिलं आहे. पागोटी अजून दिसतात.